पिंजऱ्यात थांबलेली कीड: दात किडवणारे जिवाणू, अँटिबायोटिक आणि १९६० चा एक प्रयोग

१९५० चे दशक सरत असताना अमेरिकेत मेरीलँडमधल्या बेथेस्डा इथे, नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डेंटल रिसर्चच्या प्रयोगशाळेत पॉल कीज हे संशोधक हॅमस्टरांच्या दातांचा अभ्यास करत होते. त्यांच्याकडे दोन प्रकारचे हॅमस्टर होते. सोनेरी हॅमस्टरांना भरपूर साखर असलेले खाद्य सुरू केले की त्यांच्या दाढा पाहता पाहता किडत. पांढऱ्या हॅमस्टरांच्या एका वंशाला नेमके तेच खाद्य दिले तरी त्यांचे दात बहुतेक शाबूत राहत. याचे सगळ्यात सोपे स्पष्टीकरण म्हणजे आनुवंशिकता: एका वंशाचे दात मुळातच मजबूत, दुसऱ्याचे कमकुवत. माणसांच्या बाबतीतही आपण हेच म्हणत आलो आहोत. ‘आमच्या घराण्यातच दात लवकर जातात’ हे वाक्य कुठल्याही दंतवैद्याला नवीन नाही.

कीज यांनी दोन्ही प्रकारचे प्राणी एका पिंजऱ्यात ठेवून पाहिले. पांढऱ्यांचेही दात किडू लागले. खरे तर एकत्र ठेवण्याचीही गरज नव्हती. किडक्या दातांच्या हॅमस्टरांची विष्ठा पांढऱ्यांच्या तोंडी गेली तरी पुरे होते. वंश तोच होता, खाद्यही तेच होते. बदलला होता तो फक्त शेजार.

मग उलट बाजूने तपास झाला. सोनेरी माद्यांना पेनिसिलिनसारखी अँटिबायोटिक दिली, तेव्हा त्यांच्या पिल्लांचे दात साखर खाऊनही किडले नाहीत. हीच पिल्ले पुढे किडक्या दातांच्या प्राण्यांच्या सहवासात आली, की त्यांनाही कीड लागे. हे सगळे १९६० साली प्रसिद्ध झाले. दातांची कीड, निदान हॅमस्टरांमध्ये, एकाकडून दुसऱ्याकडे जाते आणि औषधाने ती साखळी तोडता येते, हे त्यातून दिसले.

या प्रकरणात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत आणि ते सोडवून दाखवावेत म्हणून मी ते इथे सविस्तर मांडतो आहे. कीड जिवाणूंमुळे होते का? हो. मग ती अँटिबायोटिकने बरी होईल का? पहिल्या उत्तरावरून दुसरे आपोआप निघते, असे जवळजवळ प्रत्येकाला वाटते. दात दुखायला लागला की गोळ्यांची पाकिटे बाहेर निघतात, त्यामागे हाच तर्क असतो. हॅमस्टरांच्या पिंजऱ्यात हा तर्क खरा ठरला होता, आणि म्हणूनच तो माणसाच्या तोंडात का टिकत नाही हे समजून घ्यायला हे प्रकरण इतके उपयोगी पडते.

आधी काय माहीत होते

बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर यांनी १८९० मध्ये मांडले होते की तोंडातले जिवाणू अन्नातल्या पिष्टमय आणि गोड पदार्थांपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात विरघळवते. त्यांच्या मते यात कुणी एकच जिवाणू दोषी नव्हता. १९२४ मध्ये लंडनमध्ये किलियन क्लार्क यांनी किडलेल्या दातांतून स्ट्रेप्टोकोकस गटातला एक जिवाणू वेगळा केला आणि त्याला स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्स हे नाव दिले. त्याकडे पुढची तीसेक वर्षे फारसे कुणी पाहिले नाही. संशयाची सुई लॅक्टोबॅसिलस या दुसऱ्या जिवाणूंकडे वळलेली होती, कारण खड्डा पडलेल्या दातात ते भरपूर सापडत. १९५४ मध्ये फ्रँक ऑर्लँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्णपणे जिवाणूमुक्त वातावरणात वाढवलेल्या उंदरांना साखर चारली. त्यांचे दात किडले नाहीत. जिवाणूंशिवाय कीड नाही, हे तिथे पक्के झाले. पण कोणता जिवाणू, हा प्रश्न उरलाच.

तो सोडवायला कीज यांच्याबरोबर रॉबर्ट फिट्झजेराल्ड हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. त्यांनी जी युक्ती केली, ती या विषयातली माझ्या मते सर्वांत देखणी युक्ती आहे, आणि तिचा कणा होता अँटिबायोटिकला दाद न देण्याची जिवाणूंची क्षमता, म्हणजे प्रतिरोध.

खूण म्हणून प्रतिरोध

अडचण अशी होती. किडलेल्या दातावरून एक स्ट्रेप्टोकोकस उचलला, प्रयोगशाळेत वाढवला, निरोगी हॅमस्टरच्या तोंडात सोडला आणि त्याचे दात किडले. एवढ्यावरून काय सिद्ध झाले? त्या हॅमस्टरच्या तोंडात आधीच असंख्य स्ट्रेप्टोकोकस होते. दिसायला ते एकमेकांसारखेच. कीड आपण सोडलेल्या जिवाणूने केली की तिथे आधीपासून असलेल्या दुसऱ्या कुणी, हे कसे ओळखायचे? आज डीएनए वाचून ते ओळखता येते. १९६० मध्ये ती सोय नव्हती.

म्हणून त्यांनी स्ट्रेप्टोमायसिनला न जुमानणारे जिवाणू निवडले. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयरोगावर आलेले पहिले प्रभावी अँटिबायोटिक, १९४३ मध्ये शोधलेले. ते जिवाणूच्या रायबोसोमला, म्हणजे प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेला, चिकटते आणि तिचे काम बिघडवते. रायबोसोममधल्या एका प्रथिनाच्या जनुकात एखादा छोटा बदल झाला की औषधाला धरायला जागाच राहत नाही, आणि मग औषधाची मात्रा कितीही वाढवली तरी त्या जिवाणूवर फारसा परिणाम होत नाही. असे बदल कोट्यवधींच्या वस्तीत एखाद्या पेशीत आपसूक होत असतात. औषध असलेल्या माध्यमावर ती सगळी वस्ती पसरली की बाकीचे मरतात आणि बदल झालेली पेशी तेवढी वाढते.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, कारण तिच्याबद्दल फार गैरसमज आहेत. औषध जिवाणूला प्रतिरोध शिकवत नाही. जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग यांनी १९५२ मध्ये एका साध्या प्रयोगाने हे दाखवले होते. एका बशीतल्या जिवाणूंच्या वसाहतींचा ठसा मखमली कापडाने उचलून त्यांनी तो औषध असलेल्या बशीत उमटवला. स्ट्रेप्टोमायसिनला तोंड देऊ शकणाऱ्या वसाहती मूळ बशीत, औषधाचा स्पर्शही झालेला नसताना, आधीपासून हजर होत्या. औषध फक्त निवड करते: बाकीच्यांना हटवते आणि या थोड्यांना जागा मोकळी करून देते. प्रत्येक अनावश्यक गोळी नेमके हेच काम करत असते.

फिट्झजेराल्ड आणि कीज यांच्यासाठी हा बदल म्हणजे जिवाणूच्या अंगावर गोंदवलेली खूण होती. तो गुणसूत्रातच असल्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, आणि शोधायला सोपा. हॅमस्टरच्या दातावरचा थर खरवडायचा, स्ट्रेप्टोमायसिन घातलेल्या माध्यमावर पसरायचा. जे वाढेल ते आपले. खुणेचा स्ट्रेप्टोकोकस त्यांनी कीड न लागणाऱ्या हॅमस्टरांच्या तोंडात सोडला. दात किडले. किडलेल्या जागेवरून तोच खुणेचा जिवाणू परत मिळाला. बाधित माद्यांच्या पिल्लांच्या तोंडातही तो सापडला.

रोगाचे कारण सिद्ध करण्यासाठी रॉबर्ट कॉख यांच्या काळापासून ज्या कसोट्या लावल्या जात, त्यांतून दातांची कीड इथे पार पडली. पुढे १९६० च्या दशकात स्वीडन आणि इतरत्र माणसांच्या दातांवरून मिळालेल्या स्ट्रेप्टोकोकसांशी या जिवाणूंची तुलना झाली, क्लार्क यांचे जुने नाव पुन्हा वापरात आले आणि स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्स हा कीडप्रकरणातला मुख्य आरोपी ठरला. (हॅमस्टरांमधला प्रकार नंतर वेगळी, पण अगदी जवळची जात म्हणून नोंदवला गेला.)

खुणेच्या जिवाणूने तितक्याच जोमाने दात किडवले, ही गोष्टही मला महत्त्वाची वाटते. प्रतिरोध म्हणजे जादा विध्वंसक शक्ती नव्हे. प्रतिरोधी जिवाणू दात अधिक वेगाने पोखरतो असे काही नाही. त्याच्यापासूनचा धोका वेगळा असतो: औषधाची खरोखर गरज पडेल त्या दिवशी तो दाद देत नाही.

मग माणसांना पेनिसिलिन का नाही?

हा विचार कुणाला सुचला नाही असे नाही. १९४६ मध्येच उंदरांच्या खाद्यात पेनिसिलिन मिसळून कीड कमी होते हे मॅक्लुअर आणि हेविट यांनी दाखवले होते. त्यानंतरच्या काही वर्षांत पेनिसिलिन घातलेल्या टूथपेस्टच्या चाचण्या शाळकरी मुलांवर झाल्या. काहींत फायदा दिसला, काहींत दिसला नाही. रोज दोनदा, आयुष्यभर, निरोगी लोकांच्या तोंडात अँटिबायोटिक घासत राहणे म्हणजे ॲलर्जीला आणि प्रतिरोधी जिवाणूंना आमंत्रण, ही भीती तेव्हाही बोलून दाखवली गेली. तो मार्ग बंद झाला हे फार बरे झाले.

पण एका गटाला दीर्घकाळ पेनिसिलिन घ्यावेच लागत होते: संधिवाताचा ताप, म्हणजे ऱ्हुमॅटिक फीव्हर येऊन गेलेली मुले. घशाचा संसर्ग पुन्हा होऊन हृदयाच्या झडपांना आणखी इजा होऊ नये म्हणून त्यांना वर्षानुवर्षे औषध दिले जाते. १९६० च्या दशकात अशा मुलांचे दात तपासले गेले, तेव्हा त्यांच्यात कीड इतर मुलांपेक्षा कमी आढळली. म्हणजे पिंजऱ्यातला निष्कर्ष माणसातही काही अंशी खरा होता. अँटिबायोटिक सतत देत राहिले तर कीड कमी होते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

त्याची किंमत काय, हेही याच रुग्णांकडून कळले. सतत तोंडावाटे पेनिसिलिन घेणाऱ्यांच्या तोंडात पेनिसिलिनला बऱ्यापैकी दाद न देणारे स्ट्रेप्टोकोकस प्रस्थापित होतात. हे रुग्ण दात काढायला येतात तेव्हा पेच पडतो. त्यांच्या हृदयाच्या झडपा आधीच दुखावलेल्या असू शकतात. दात काढताना तोंडातले जिवाणू रक्तात शिरतात आणि झडपेवर घर करू शकतात. हा अंतर्हृदयदाह जिवावर बेततो. ज्यांना हा धोका सर्वाधिक, त्यांना दंतोपचाराआधी एकदा अमॉक्सिसिलिन, म्हणजे पेनिसिलिनच्याच गटातले औषध, देण्याची पद्धत आहे. पण रुग्ण आधीपासूनच पेनिसिलिनवर असेल तर अमेरिकन हार्ट असोसिएशनचे मार्गदर्शन सांगते की वेगळ्या गटातले औषध निवडा, कारण त्याच्या तोंडातल्या स्ट्रेप्टोकोकसांवर या गटाचा भरवसा उरलेला नसतो. या मुलांना पेनिसिलिन देणे योग्यच होते आणि आहे; झडपा वाचवण्यासाठी ही किंमत मोजावीच लागते. फक्त दातांच्या किडीसाठी तीच किंमत मोजणे मला कुठल्याही हिशेबाने पटत नाही.

आणि यासाठी वर्षानुवर्षे औषध घ्यावे लागते असेही नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २२४ निरोगी स्वयंसेवकांना ॲझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन किंवा नुसती दिखाऊ गोळी देण्यात आली. औषध मिळालेल्यांच्या घशातल्या स्ट्रेप्टोकोकसांमध्ये या गटाच्या औषधांना न जुमानणाऱ्यांचे प्रमाण झपाट्याने वाढले, आणि एकाच छोट्या कोर्सनंतर १८० दिवसांनीही ते वाढलेलेच होते. ही माणसे आजारी नव्हती. त्यांना काही जाणवलेही नसेल.

पिंजरा आणि तोंड

हॅमस्टरांमध्ये औषध यशस्वी झाले, कारण तिथली सगळी परिस्थिती औषधाच्या बाजूची होती. औषध आईला मिळाल्याने पिल्लाच्या तोंडात कीड करणारा जिवाणू पोहोचलाच नाही. पिंजरा बंद होता. बाहेरून तो परत येण्याची वाट संशोधकांच्या हातात होती. आणि दात कोरे होते, त्यांच्यावर जुनी वस्ती नव्हती.

माणसाच्या दातावर वस्ती असते आणि ती चांगली मुरलेली असते. म्यूटन्सकडे एक खास हत्यार आहे. साध्या साखरेपासून, म्हणजे सुक्रोजपासून, तो ग्लुकान नावाचा पाण्यात न विरघळणारा चिकट पदार्थ बनवतो. त्या चिकट्यात तो स्वतः रोवला जातो आणि इतर जिवाणूही अडकतात. आत आम्ल साचते. आम्लता पीएच ५.५ च्या आसपास गेली की दाताचे कवच, म्हणजे इनॅमल, विरघळू लागते. इतर अनेक जिवाणू त्या आम्लात मंदावतात, म्यूटन्स मात्र त्याहून आंबट वातावरणातही काम चालू ठेवतो. हा थर फार जाड नसतो, पण त्याच्या तळाशी जिवाणू सावकाश, जेमतेम वाढत असतात. पेनिसिलिन वाढत्या पेशीची भिंत बांधण्याचे काम रोखून तिला मारते. जी पेशी भिंत बांधतच नाही तिला ते फारसे काही करू शकत नाही. त्यामुळे एरवी प्रयोगशाळेच्या नळीत पेनिसिलिनच्या थेंबाने मरणारा जिवाणू दातावरच्या थरात कितीतरी पट मात्रा पचवून जगतो. औषध संपले की तोच पुन्हा पसरतो.

स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्स आजही बहुतेक ठिकाणी पेनिसिलिन आणि अमॉक्सिसिलिनला प्रयोगशाळेत चांगली दाद देतो. म्हणजे दातांच्या किडीवर अँटिबायोटिक निष्फळ ठरण्याचे मुख्य कारण म्यूटन्सचा प्रतिरोध हे नाहीच. ‘अँटिबायोटिक चालले नाही, आता जास्त ताकदीचे द्या’ ही मागणी म्हणूनच मुळापासून चुकीची आहे. ताकद कमी पडलेली नसते. थर जागेवर असतो, साखर दिवसभर येत असते, खड्डा तसाच उघडा असतो, आणि गोळी यांपैकी कशालाही हात लावत नाही.

(एका औषधाला मात्र म्यूटन्स जन्मजातच दाद देत नाही: बॅसिट्रासिन. प्रयोगशाळेत त्याचाही उपयोग करून घेतला जातो. लाळेतून म्यूटन्स मोजायचा असेल तर भरपूर सुक्रोज आणि बॅसिट्रासिन असलेल्या माध्यमावर लाळ पसरतात. त्यावर बरेचसे शेजारी वाढू शकत नाहीत, म्यूटन्स वाढतो. १९७३ पासून ही पद्धत रूढ आहे. प्रतिरोध ही खूण म्हणून वापरण्याचे हे आणखी एक उदाहरण.)

मग प्रतिरोधाचे नुकसान कुणाचे होते? शेजाऱ्यांचे, आणि त्यांच्यामार्फत आपले. दातावरचा थर ही जिवाणूंची जनुके अदलाबदल करण्याची जागा आहे. म्यूटन्स स्वतः एक छोटे प्रथिन बाहेर सोडून आसपासच्या भाऊबंदांना इशारा देतो. मग ते सगळे वातावरणात पडलेला डीएनए आत ओढून घेऊ लागतात. त्याच वेळी तो शेजाऱ्यांना मारणारी द्रव्येही सोडतो, म्हणजे त्यांचा डीएनए मोकळा होतो. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत थरात वाढणाऱ्या म्यूटन्सने सुट्या पेशींच्या तुलनेत १० ते ६०० पट अधिक प्रमाणात बाहेरचा डीएनए स्वीकारला. औषधाच्या माऱ्यात तगलेल्या एखाद्या निरुपद्रवी जिवाणूकडचे जनुक अशा वस्तीत कुठून कुठे जाईल, यावर कुणाचा ताबा नाही.

ही भीती नुसती कागदावरची नाही. न्यूमोनिया आणि मेंदूज्वर करणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस न्यूमोनिये या जिवाणूत पेनिसिलिनचा प्रतिरोध कसा आला, हे त्याच्या जनुकांत वाचता येते. औषध ज्या प्रथिनांना चिकटते त्यांची जनुके तुकड्यातुकड्यांनी जोडलेली दिसतात, आणि त्यांतले तुकडे स्ट्रेप्टोकोकस मायटिससारख्या तोंडातल्या सौम्य रहिवाशांशी जुळतात. जे एरवी सहसा कुणाला आजारी पाडत नाहीत, त्यांनी आपली ढाल एका घातक नातेवाइकाच्या हाती दिली. तोंडातल्या ‘साध्या’ जिवाणूंवर अकारण औषध का सोडू नये, याचे याहून ठोस कारण मला माहीत नाही.

आईकडून बाळाकडे, औषधाशिवाय

कीज यांनी हॅमस्टर मातांमध्ये तोडलेली साखळी माणसांतही आहे. पेज कॉफील्ड यांच्या १९९३ च्या अभ्यासात बाळांच्या तोंडात म्यूटन्सची वस्ती प्रामुख्याने वयाच्या १९ ते ३१ महिन्यांदरम्यान झाल्याचे दिसले, आणि अशा इतर अभ्यासांत बाळाकडचा जिवाणू अनेकदा आईच्याच जिवाणूशी जुळला. (त्याआधीही काही बाळांत तो सापडतो, हे नंतरच्या कामातून कळले.) स्वीडनमध्ये बिर्गिटा कोलर, डग्लस ब्राथल आणि सहकाऱ्यांनी ज्या मातांच्या लाळेत म्यूटन्स भरपूर होता त्यांच्यावर लक्ष केंद्रित केले. त्यांचे किडलेले दात भरले, साखरेबाबत सल्ला दिला, दात साफ करून दिले, फ्लोराइड दिले, गरज पडली तिथे क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक वापरले. त्यांच्या मुलांमध्ये म्यूटन्सची वस्ती उशिरा झाली आणि कीडही कमी झाली. जे काम हॅमस्टरांमध्ये अँटिबायोटिकने झाले, ते इथे अँटिबायोटिकशिवाय झाले.

कीज यांचे स्वतःचे आकलनही जिवाणूवर थांबलेले नव्हते. त्यांनी एकमेकांना छेदणारी तीन वर्तुळे काढली: दात, जिवाणू आणि आहार. तिन्ही जिथे एकत्र येतात तिथेच कीड. पुढे १९९४ मध्ये फिलिप मार्श यांनी आणखी एक पाऊल टाकले: साखर वारंवार येत राहिली की थरातली आम्लता वाढते, आम्ल सोसणारे जिवाणू वरचढ होतात, आणि ते म्यूटन्सच असले पाहिजेत असे नाही. म्यूटन्स नसलेल्या तोंडातही कीड होते, हे आता चांगले माहीत आहे. हॅमस्टरांच्या प्रयोगाने एक जिवाणू पुरेसा आहे हे दाखवले होते. तोच एकटा आवश्यक आहे हे दाखवले नव्हते. हा फरक लक्षात आला की एका जिवाणूला औषधाने हटवण्याची कल्पना आणखीच लंगडी पडते. त्याची जागा घ्यायला दुसरे तयार असतात.

दुखणारा दात

बहुतेक लोक अँटिबायोटिककडे वळतात ते कीड थांबवायला नव्हे, ठणका थांबवायला. म्हणून फिट्झजेराल्ड यांचे दुसरे एक काम इथे आणावे लागते. १९६५ मध्ये त्यांनी काकेहाशी आणि स्टॅन्ली यांच्याबरोबर उंदरांच्या दाढांना भोक पाडून आतला पल्प, म्हणजे रक्तवाहिन्या आणि नसा असलेला दाताचा जिवंत गाभा, उघडा केला. सामान्य उंदरांत तो सडला आणि मुळाशी पू झाला. जिवाणूमुक्त उंदरांत अन्नाचे कण आत अडकूनही गाभा जिवंत राहिला, आणि भोकावर नवा कठीण थर धरला. सडवतात ते जिवाणूच, हे याही वेळी दिसले.

आणि इथेही तोच मोह होतो: मग गोळी द्या! पण पल्प एका बंद, कठीण पोकळीत असतो. सूज आली की तिला पसरायला जागा नसते, रक्तपुरवठा कोंडतो, आणि एकदा पल्प मेला की गोळीतले औषध रक्तातून तिथे पोहोचायला रक्तवाहिनीच उरत नाही. ठणका असतो तो दाबामुळे आणि दाहामुळे. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, पल्प परत सुधारणार नाही इतका सुजलेल्या ४० रुग्णांपैकी काहींना सात दिवस दर सहा तासांनी ५०० मिलिग्रॅम पेनिसिलिन आणि बाकीच्यांना दिखाऊ गोळी दिली. वेदनेत फरक पडला नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ मध्ये दिलेले मार्गदर्शन म्हणूनच स्पष्ट आहे: एरवी निरोगी असलेल्या प्रौढाला असा ठणका असेल, किंवा मुळाशी मर्यादित गळू असेल, आणि रूट कॅनाल करणे, पू काढणे किंवा दात काढणे असा प्रत्यक्ष उपचार लगेच मिळणार असेल, तर अँटिबायोटिक देऊ नये. दुखण्यासाठी आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल यांसारखी वेदनाशामके, रुग्णाच्या इतर आजारांचा विचार करून.

जगात सुमारे २०० कोटी लोकांच्या कायमच्या दातांत उपचार न झालेली कीड आहे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यांतल्या प्रत्येक ठणक्याला एकेक कोर्स जोडला तर जिवाणूंची किती प्रचंड निवड होईल, याचा विचार केला की या मार्गदर्शनातला कडकपणा पटतो. गळवात सापडणाऱ्या जिवाणूंची गोष्ट म्यूटन्ससारखी साधीही नाही. तिथे प्राणवायू नसताना वाढणारे प्रेव्होटेला, फ्युसोबॅक्टेरियम असे जिवाणू असतात, आणि प्रेव्होटेलाच्या अनेक वाणांकडे पेनिसिलिन तोडणारे विकर (एन्झाइम) असते. वारंवार अर्धवट कोर्स घेऊन आलेल्या रुग्णाच्या गळवात हेच वाण वरचढ झालेले असण्याची शक्यता वाढते.

ज्यांना अँटिबायोटिक खरोखर लागते ते रुग्ण वेगळे. ताप आला आहे, सूज गालावरून जबड्याखाली किंवा मानेकडे पसरते आहे, तोंड उघडत नाही, गिळताना त्रास होतो, जीभ वर उचलली गेल्यासारखी वाटते, श्वास जड होतो आहे: यांपैकी काहीही असेल तर दंतवैद्याच्या पुढच्या भेटीची वाट न पाहता थेट रुग्णालयात जायचे. जबड्याखालची सूज श्वासमार्ग काही तासांत बंद करू शकते. तिथे अँटिबायोटिक शिरेतून दिले जाते, पू बाहेर काढला जातो, मूळ दाताचा बंदोबस्त केला जातो, आणि पुवाचा नमुना तपासून कोणते औषध लागू पडते ते पाहिले जाते. ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांमुळे किंवा आजारामुळे क्षीण आहे, त्यांच्या बाबतीत हा निर्णय आणखी लवकर घ्यावा लागतो.